इंग्रजीतला 'पंच' आपल्या 'पाच'वरूनच आलाय ना? घरात वाद पेटलाय

दुपारचा_चहा

मंडळी नमस्कार, गेली तीन वर्षं इथे नुसता वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

तर झालं असं, मुलगी सातवीत आहे, सेमी इंग्लिश. शाळेतून काम दिलंय की इंग्रजीतला असा एक शब्द निवडा ज्याचे बरेच अर्थ होतात आणि ते अर्थ कुठून आले ते एका पानात लिहा. मी त्या दिवशी आधीच वैतागलेलो, सकाळी ऑफिसात दारावरच्या मशीनवर माझा पंच लागला नाही, बोट शर्टाला तीनदा पुसून ठेवलं तरी लाल दिवा, आणि दुपारी मेल की महिन्यातला हा तिसरा 'मिस पंच', अर्धा दिवस कापणार. डोक्यात तेच चाललेलं म्हणून तिला म्हणलं पंच घे, झकास शब्द आहे आणि आपलाच आहे. आणि मग मी जे काही भाषण ठोकलंय. मुठीत बोटं पाच म्हणून ठोसा म्हणजे पंच, ते फ्रूट पंच का काय असतं त्यात पाच जिन्नस म्हणून ते पंच, गावात निवाडा करणारे पाच जण म्हणून तेही पंच, सगळं आपल्याकडून गेलंय.

पोरगी सगळं ऐकून घेते आणि म्हणते, "बाबा, मग कागदाला भोकं पाडायचा पंच? त्याने तर दोनच पडतात."

वर झोपाळ्यावरून आमचे अप्पा, "मैदानावर अंपायर पण दोनच असतात रे."

आता अप्पांचा जुना जाडजूड इंग्रजी शब्दकोश काढला तर त्यात 'पंच' एकदा नाही, तीन-चारदा दिलाय, प्रत्येकाच्या डोक्यावर बारीक १, २, ३ असे आकडे. म्हणजे हे काय, वेगवेगळे शब्द आहेत का एकाचेच अर्थ? गुरुवारी वही जमा करायचीये. कोणाला नक्की माहिती असेल तर सांगा, व्हॉट्सअ‍ॅपवरचं नको प्लीज.

शब्दवेडी

तुमची लेक हुशार आहे हो, तिचा तो भोकांचा मुद्दा तुमच्या अख्ख्या भाषणाला भारी पडलाय :)

आधी त्या बारीक आकड्यांचं सांगते कारण किल्ली तिथेच आहे. एकाच शब्दाचे अर्थ वाढत गेले तर कोश एकाच नोंदीखाली सगळे देतो. म्हणजे आपल्याकडे कसं, डोळा माणसाचा, मग नारळाचा डोळा, उसाचा डोळा, शब्द एकच, नुसता ताणत नेला. पण दोन शब्द मुळात वेगळ्या घरातले आणि योगायोगाने सारखे दिसायला लागले तर कोश त्यांना वेगळे आकडे देतो. मराठीतला अर्क घ्या. अर्क म्हणजे सूर्य, हा संस्कृत. आणि ओव्याचा अर्क किंवा "काय अर्क आहे हा माणूस" मधला अर्क, तो अरबी, त्याचा सूर्याशी काडीचा संबंध नाही. दिसायला जुळे पण आईबाप वेगळे.

पंचचं तसंच आहे. ठोसा आणि भोक पाडायचं यंत्र हे एका घरातले. मूळ अर्थ टोचणे, भोसकणे. जुन्या फ्रेंचमध्ये 'प्वँसाँ' म्हणजे टोकदार हत्यार, त्याच्या मागे लॅटिनमधलं 'पुंगेरे' म्हणजे टोचणे. इंग्रजीत आधी काठीने ढोसणे, गुरांना टोचून हाकणे असा अर्थ होता, मुठीने मारणे हे नंतर सोळाव्या शतकात आलं. पॉइंट, पंक्चर, पंक्च्युअल, पंक्च्युएशन ही सगळी याच लॅटिन शब्दाची पिल्लं. तेव्हा तुमच्या भाषणातली ती मुठीतली पाच बोटं, सॉरी, पण बाद.

प्यायचं पंच मात्र बहुतेक कोशांच्या मते आपल्याकडूनच गेलंय, पाचवरून. तिथे तुम्ही पास.

तिसरं एक पंच म्हणजे त्यांचा तो नाकाड्या बाहुला, तो इटलीतला. त्याबद्दल कोणीतरी यूकेवालं लिहील तर बरं.

खटपट्या_भोसरी

शब्दवेडीताईंनी बरोबर सांगितलंय, मी नुसतं वर्कशॉपमधलं जोडतो कारण आमचं आयुष्य पंचवर गेलं. २२ वर्षं टूल रूमला होतो.

आमच्याकडे पंच म्हणजे आधी तो हातातला, बोटाएवढा स्टीलचा तुकडा, एका बाजूला टोक. नवीन पोरगं आलं की पहिली शिवी यावरूनच खातं. पत्र्यावर रेषा मारल्या, भोकाची जागा काढली आणि थेट ड्रिल लावलं की ड्रिल नाचतं, सरकतं, भोक दोन मिलिमीटर बाजूला. म्हणून आधी पंच मारून घ्यायचा. त्यात पण दोन प्रकार, डॉट पंचचं टोक ६० अंशाचं, बारीक, ते रेषेवर खुणेसाठी, आणि सेंटर पंचचं ९० अंशाचं, बोथट, त्याने जरा रुंद खड्डा पडतो मग ड्रिलची चोच त्यात बसते. एकच ठोका द्यायचा आणि सरळ, दुसरा मारला की खड्डा डबल होतो आणि काम गेलं.

मग मोठा तो प्रेस शॉपचा, पंच आणि डाय. वरून पंच येतो, खाली डायला त्याच आकाराचं भोक, मधे पत्रा. कागदाचं जे मशीन तुमच्या टेबलावर आहे ना ते म्हणजे आमच्या पॉवर प्रेसचं नातवंड समजा.

म्हणजे हे सगळं टोचणंच आहे, मारणं नाही. ताईंनी मूळ अर्थ टोचणे सांगितला तेव्हा मला एकदम पटलं, कारण आमच्यात पंच 'मारतात' खरं पण डोक्यात काम खुणेचं असतं.

आणि जाता जाता, पंक्चरपण त्याच घरातलं म्हणालात. आमच्या इकडे हायवेला बोर्डच असतात 'पंचर काढून मिळेल'. म्हणजे पंचरवाल्याने क काढून शब्द परत माहेरी नेऊन सोडला :D

अस्सल_मावळा

सगळं संस्कृतमधूनच गेलंय, हे इंग्रज लोक कबूल करत नाहीत एवढंच. पंच म्हणजे पाच. ठोसा पाच बोटांचाच असतो. विषय संपला.

शब्दवेडी

@अस्सल_मावळा, विषय संपत नाही हो असा. पण तुम्हाला रिकाम्या हाताने पाठवत नाही, एक गंमत देते.

संस्कृत पंच आणि इंग्रजी फाइव्ह हे खरंच सख्खे चुलत आहेत, पण एकातून दुसरा निघालेला नाही, दोघांचा पूर्वज एक. आपल्या प चा त्यांच्याकडे फ होतो, पितृ-फादर, पाद-फुट, तसं पंच-फाइव्ह. आता खरी मजा, इंग्रजीत मुठीला फिस्ट म्हणतात, जर्मनमध्ये फाउस्ट, आणि हा शब्द त्याच पाचवरून आला असावा असं बरेच भाषातज्ज्ञ मानतात, पाच बोटांची ती मूठ. म्हणजे 'पंच'मध्ये पाच नाहीत, पण ज्या मुठीने तो मारतात तिच्या नावात बहुतेक आहेत. दुपारचा चहा यांनी पाच बरोबर ओळखले, फक्त चुकीच्या खिशात शोधले.

बार्देशकार

प्यायच्या पंचबद्दल गोंयकार गप्प बसला तर पाप लागेल.

जॉन फ्रायर म्हणून ईस्ट इंडिया कंपनीचा एक डॉक्टर होता, १६७२ च्या अखेरीला इंग्लंडहून निघून १६७३ मध्ये इकडे पोचला, मुंबई, सुरत, कारवार, गोवा सगळं फिरला आणि परत गेल्यावर १६९८ मध्ये लंडनला प्रवासवर्णन छापलं. त्यात तो लिहितो की नेरुळला गोव्याची सगळ्यात चांगली अरक, म्हणजे भट्टीची दारू, बनते आणि या किनाऱ्यावरचे इंग्रज तिच्यापासून ते अंगातली ताकद काढून घेणारं पेय करतात त्याला 'पाँच' म्हणतात, आणि हिंदुस्थानी भाषेत त्याचा अर्थ पाच, कारण त्यात पाच जिन्नस. वर तो आपलं डॉक्टरी ज्ञान पण पाजळतो, की आमच्याकडे वैद्य जसं पाच औषधांच्या मिश्रणाला ग्रीकमधून पाचावरून नाव देतात तसंच हे.

आता कोणी लगेच पाम बीच रोडला गाडी घालू नका, हे नवी मुंबईचं नेरुळ नव्हे, आमचं बार्देश तालुक्यातलं, कांदोळीच्या शेजारचं. आज तिकडे नदीकाठी हॉटेलं आहेत, त्यात बसून लोक मेन्यूकार्डवर पंच वाचतात आणि वेटरला विचारतात हे काय असतं.

आणि शब्दवेडी, तुम्ही वर अर्क लिहिलात ना, फ्रायरची अरक म्हणजे तोच शब्द. अरबीत अरक म्हणजे घाम. भट्टीवरच्या भांड्याला वरून थेंब थेंब येतात ते घामासारखेच की. मार्च-एप्रिलमध्ये काजूची पहिल्या धारेची येते तिला आम्ही उर्राक म्हणतो, ती पण त्याच घामाची नात. फक्त फ्रायरच्या वेळची अरक माडाची असायची, काजूची नाही.

मोजूनमापून

थांबा थांबा, एवढ्या लवकर पेला उचलू नका. पाच जिन्नस पाच जिन्नस सगळे म्हणतात, पण मोजलेत कोणी?

हॉब्सन-जॉब्सनमध्ये, म्हणजे इंग्रजांनी हिंदुस्थानात उचललेल्या शब्दांचा तो १८८६ चा कोश, त्यात मुंबई सरकारच्या हुकूमवहीतला १६९४ चा एक हुकूम दिलाय. आशय असा की खाणावळीत कोणी पंच प्यायला आला तर त्याला चांगली गोव्याची अरक एक क्वार्ट, साखर अर्धा पौंड आणि लिंबाचं पाणी अर्धा पाइंट मागता येईल आणि आपलं पंच आपण करून घेता येईल. (म्हणजे तेव्हाही मुंबईत हॉटेलवाले पाणी घालत असणार, म्हणून गिऱ्हाइकाच्या हातात सामान द्यायचा हुकूम काढावा लागला, हा आपला माझा अंदाज.) मोजा आता. अरक, साखर, लिंबू. तीन. ओढूनताणून साधं पाणी धरलं तर चार. वरून जायफळ किसलं तरच गाडी पाचावर येते. फ्रायरसुद्धा पाचाचं बोलता बोलता चार जिनसांची पण सोय ठेवतो.

दुसरी अडचण उच्चाराची. हा शब्द इंग्रजीत सापडतो १६३२ च्या एका पत्रात, कंपनीच्याच माणसाच्या. त्या काळात इंग्रजीत तो उकार खराखुरा उ होता, म्हणजे 'पुंच'. पाचचा आ ऐकून कोणी पुंच कसं म्हणेल? म्हणून काही लोकांनी शंका काढली की हे पाच वगैरे नंतर चिकटवलेलं आहे आणि खरं मूळ 'पंचन' म्हणजे दारूचं मोठं पिंप, खलाशांनी त्याचं पंच केलं.

मी असं म्हणत नाही की पाचवालं खोटंच आहे. पण सातवीच्या पोरीच्या वहीत 'नक्की' हा शब्द घालू नका.

कोकण्या_लीड्सकर

उच्चाराचं वाचून हसलो. मी इथे लीड्सला ११ वर्षं आहे, आमच्याकडे लोक आजसुद्धा पुंचच म्हणतात, बसला बुस, कपला कुप. पहिल्या आठवड्यात ऑफिसात एकजण मला "कुप ऑफ टी?" म्हणला, मला वाटलं काय मागतोय हा. इंग्लंडच्या उत्तरेत तो जुना उ तसाच राहिला, दक्षिणेत बदलला.

आता बाहुल्याचं. इथे समुद्रावर उन्हाळ्यात लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा उभा तंबू लागतो, कपाटाएवढा, आत एकच माणूस, दोन हातात दोन बाहुल्या. हा पंच, ती त्याची बायको जूडी. पंचला कुबड, वाकडं लांब नाक हनुवटीला टेकतंय, लाल कपडे आणि हातात सोटा. गोष्ट काय तर तो सगळ्यांना बडवतो. बाळाला, बायकोला, पोलिसाला, मधेच मगर येते सॉसेज पळवायला. माझी चार वर्षांची पोर पहिल्यांदा बघून रडली आणि दुसऱ्यांदा बघून पोट धरून हसली, मला दोन्ही वेळा कळेना की हे लहान मुलांना का दाखवतात. त्याचा आवाज चिरका, बदकासारखा, कारण आतला माणूस टाळूला एक पट्टी लावून बोलतो.

म्हणून इथल्या गोऱ्या लोकांनाही वाटतं की सोट्याने मारतो म्हणून पंच. नाही. हा मूळ इटलीतल्या नेपल्सचा पुल्चिनेल्ला, मुखवटा घालून करायच्या नाटकातलं विनोदी पात्र. इंग्रजांनी त्याचं पंचिनेलो केलं आणि मग जीभ दमल्यावर पंच. सॅम्युअल पेप्स म्हणून एक डायरीवाला होता, त्याने ९ मे १६६२ ला लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये एका इटालियन माणसाचा हा खेळ पाहिल्याची नोंद केलीय, आणि तेवढ्यावरून इथले लोक तो पंचचा वाढदिवस धरतात, दर मे महिन्यात तिथे जत्रा भरते. त्या वेळी बाहुल्या दोऱ्यांच्या होत्या, आपल्या कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर लोक नाचवतात तशा कळसूत्री, हातमोज्यासारख्या घालायच्या नंतर आल्या.

म्हणजे काळ बघा, हिंदुस्थानातलं पेय १६३२ नंतर कधीतरी आणि इटलीतला बाहुला १६६२ च्या आसपास, दोघे लंडनला पोचले. आणि ठोसा घरात आधीच बसलेला.

शब्दवेडी

@कोकण्या_लीड्सकर वा, पेप्स काढलातच तर अजून एक. ३० एप्रिल १६६९ ला तोच लिहितो की गल्लीतल्या गरीब लोकांना आपल्या गुटगुटीत पोराला 'पंच' म्हणून हाक मारताना ऐकलं आणि जाम मजा वाटली, आता बुटकं आणि जाड काहीही असलं की त्याला हाच शब्द. सफोकमधल्या त्या ठेंगण्या दणकट शेतीच्या घोड्याचं नाव सफोक पंच आहे ते बहुधा यातूनच. म्हणजे कोशातला आणखी एक आकडा.

@मोजूनमापून, तुमचा तीनचा हिशोब मान्य. पण नाव पाचाचं म्हणून मोजायला पाच भरलेच पाहिजेत असं नसतं हो. आमच्याकडे पंचखाद्याच्या खिरापतीत खोबरं, खारीक, खसखस, खडीसाखर आणि खिसमिस लागतात, पण माझी सासू खसखस महाग झाली की सरळ वगळते, म्हणून तिला कोणी चतुर्खाद्य म्हणत नाही. पेयाला पाचावरून नाव द्यायची सवय इथली आहेच, पंचामृत, पंचगव्य.

उच्चाराचं मात्र मला दुसरं सुचतं. मराठी 'पाच' मधला च चाकातला, दाताचा. 'पंच' मधला च चंद्रातला, आणि अ आखूड. इंग्रजांना हा आखूड अ ऐकू आला की ते पुढे उकारच लिहायचे, पंजाबच्या प ला आणि पंडिताच्या प ला त्यांनी उ चंच अक्षर लावलंय. तेव्हा ऐकलेला शब्द पाच नसून समासातला पंच असेल तर तुमचा आ चा आक्षेप थोडा सैल होतो. फ्रायरने मात्र दीर्घच लिहिलंय हेही खरं. मी माझं मत पाचाच्याच पारड्यात टाकते, पण 'नक्की' नको हे तुमचं बरोबर.

काळा_कोट_ठाणे

सगळे पेयात पोहताय, आमच्या पंचांना कोणी विचारलंच नाही. अप्पांनी दोन अंपायरचं काढलंय म्हणून लिहितो.

हे पंच इंग्रजी नाहीतच, पाच जणांची पंचायत, त्यातला तो पंच. निवाडा करणारा म्हणून क्रिकेटमध्ये अंपायरला आपण पंच केलं. पंचनाम्यात पुढे फारसी नामा जोडला, म्हणजे पंचांसमोर केलेला लेख. पण संख्या गेली कधीच. कायद्यात झडतीच्या वेळी त्या भागातले दोन किंवा जास्त स्वतंत्र प्रतिष्ठित रहिवासी लागतात, आणि प्रत्यक्षात दोनच असतात. ते दोन कसे मिळतात ते मला विचारा. रस्त्यावर गाडीला गाडी घासली, पोलीस म्हणतो दोन पंच बघा, आणि मघापर्यंत घोळका करून व्हिडिओ काढणारी चाळीस माणसं एका मिनिटात गायब. उरतो तो पानवाला, कारण त्याला टपरी सोडून पळता येत नाही. तो बिचारा मग पुढची सहा वर्षं कोर्टात तारखांना येतो आणि उलटतपासणीत "सही माझी आहे, मजकूर वाचला नाही" म्हणतो.

म्हणून तर मराठीत पंचाईत झाली म्हणजे अडचण झाली. हा शब्द न्यायाचा होता, त्याचा आपण घोळ केला, आणि नसत्या पंचायती म्हणजे दुसऱ्याच्या भानगडीत नाक. पंचायतीबद्दल लोकांचा अनुभव काय असेल ते शब्दातच उतरलंय.

अजून एक. लंडनला १८४१ साली पंच नावाचं विनोदी साप्ताहिक निघालं, त्या बाहुल्याच्या नावावरून, आणि व्यंगचित्राला कार्टून म्हणायची पद्धत त्यांनीच १८४३ मध्ये पाडली. त्याच्या पहिल्या संपादकांतल्या एकाचं आडनाव लेमन, त्यावरून लिंबाशिवाय पंच कसलं असा विनोद झाला म्हणतात, म्हणजे बाहुला आणि पेय तिथे भेटले. मग इकडे रांगच लागली, मुंबईत १८५४ ला पारसी पंच, त्याचंच पुढे हिंदी पंच, लखनौला १८७७ ला अवध पंच, आमच्या ठाण्याहून मराठीत हिंदु पंच. हिंदी पंचमध्ये तर त्या इटालियन नाकाड्याला देशी कपडे चढवून पंचोबा करून टाकलेलं. इथल्या वाचकाला वाटणार हा आपला निवाडा करणारा पंच, साहेबाला वाटणार आपला बाहुला. दोघेही खूश.

दुपारचा_चहा

बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. काल रात्री लेकीला बसवून सगळं वाचून दाखवलं, मगरीला सॉसेज पळवताना ती जाम हसली आणि पंचरवर अप्पा.

एक राहिलं. माझा तो ऑफिसचा पंच कुठल्या आकड्यात बसतो? बोटाने ना मी टोचतो ना मारतो, फक्त ठेवतो, आणि तोही लागत नाही.

खटपट्या_भोसरी

तो आमच्याच आकड्यात. पूर्वी कारखान्यात कार्ड असायचं, गेटवरच्या घड्याळाच्या मशीनमध्ये घातलं की खटकन वेळ उमटायची. आमच्या कंपनीत २००० नंतरपण काही वर्षं होतं, उशीर झाला की लाल शाईत. कार्ड गेलं, खटका गेला, शब्द राहिला, आता काच आली तरी आपण पंचच करतो.

भोकांच्या कार्डांचं सांगायचं तर हर्मन हॉलेरिथ नावाच्या माणसाने १८९० ची अमेरिकेची जनगणना अशाच भोकं पाडलेल्या कार्डांवर मोजली, आणि त्याच्या कंपनीतूनच पुढे आयबीएम झाली. आणि त्याला कल्पना कुठून सुचली तर ट्रेनमधल्या तिकीट तपासनिसाकडून, तो तिकिटावर प्रवाशाचं वर्णन भोकांनी नोंदवायचा, केस कसले, डोळे कसले, म्हणजे तिकीट दुसऱ्याला देता येऊ नये. त्यामुळे तुमचं ऑफिस आणि बेस्टचा कंडक्टर एकाच घरातले. माझ्या मामा बेस्टला होता, त्याचा तो तिकीट पंच, रिकामाच टिकटिक टिकटिक वाजवत गर्दीतून यायचा, ती टिकटिक ऐकली की झोपलेला माणूस पण खिशात हात घालायचा. आणि लोकलची कूपनं आठवतात का, स्टेशनवर मशीनमध्ये पंच करायला लाईन आणि मशीनमधली शाई नेहमी संपलेली.

मोजूनमापून

'माझ्या मामा' नव्हे, 'माझा मामा'.

बाकी सगळं बरोबर आहे.

दुपारचा_चहा

वही जमा केली. तिने पानावर चार घरं काढली, एकात हत्यार, एकात पेला, एकात बाहुला, आणि चौथं मराठी पंचांचं. पेल्याच्या आणि पंचांच्या घरामधे एक पूल काढलाय आणि त्यावर 'बहुतेक' असं लिहिलंय. हे मी सांगितलेलं नाही, तिचं तिनेच.

माझं नाव कुठेच नाही. अप्पांचं आहे, दोन अंपायरवाल्या वाक्यासाठी. अर्धा दिवस मात्र कापला.

अस्सल_मावळा

पुलावर 'बहुतेक' कशाला, 'नक्की' लिहायचं होतं.